फोटो पहिल्या दिवशी, चारा आठव्या दिवशी : प्रात्यक्षिकानंतर गावात काय उरतं?

अकोट : पावसाळा लागला की आमच्या व्हॉट्सॲपवर एका ठरावीक बातमीचा पूर येतो. ‘कृषिदूतांनी दिले हायड्रोपोनिक चारानिर्मितीचे प्रात्यक्षिक.’ सोबत फोटो. मधोमध प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात भिजवलेला मका, भोवती टी-शर्टातली पोरं-पोरी, कडेला सरपंच, दोन-चार शेतकरी आणि मागे कॉलेजचं बॅनर. खाली प्राचार्य, कार्यक्रम अधिकारी, विषयतज्ज्ञ यांची नावं. आम्ही बातमी लावतो, तुम्ही ती गावाच्या ग्रुपवर टाकता, विषय संपतो.

या बातमीत एक गोष्ट कधीच नसते. भिजवलेल्या मक्याचा चारा व्हायला सात-आठ दिवस लागतात आणि फोटो असतो पहिल्या दिवसाचा. आठव्या दिवशी त्या ट्रेत हिरवी चटई उभी राहिली की काळी बुरशी आली, हे कोणी सांगत नाही. आम्हीही कधी विचारायला गेलो नाही, ही आमची चूक.

म्हणून यावेळी जरा थांबून पाहू. मातीशिवाय चारा, मातीशिवाय भाजी, आणि त्यासोबत एक वेगळाच वाटणारा विषय : वटवाघळं. वेगळा यासाठी म्हटलं, की चाऱ्याच्या ट्रेत हात घातल्याशिवाय शिकता येत नाही आणि वटवाघळाच्या बाबतीत पहिला धडाच हात न लावण्याचा आहे. दोन्ही गोष्टी सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या गावांशी संबंधित आहेत, आणि दोन्हींत बाहेरून कोणी येऊन करून दाखवतं आणि निघून जातं. पुढे वाचाल तर हेही दिसेल की ट्रे आणि वटवाघूळ यांची गाठ एका झाडाखाली पडू शकते.

पावसाळ्यात शिकवलं, उन्हाळ्यात लागतं

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ नावाचा कार्यक्रम असतो, पोरं त्याला ‘रावे’ म्हणतात. विद्यार्थी गावात येतात, बीजप्रक्रिया, माती नमुना, बोर्डो मिश्रण, ॲझोला, हायड्रोपोनिक चारा अशी प्रात्यक्षिकं करून दाखवतात. कल्पना चांगली आहे. पोरं मेहनतीही असतात, त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

पण वेळ पाहा. बहुतेक प्रात्यक्षिकं जुलै ते सप्टेंबरात होतात. तेव्हा बांधावर, धुऱ्यावर फुकटचं हिरवं गवत असतं. हवा दमट असते, म्हणजे ट्रेमध्ये बुरशी धरायला सगळ्यात सोपा काळ तोच. चाऱ्याची खरी बोंब मार्च ते जून. त्यात अकोल्याचा मे ४५ अंशांच्या पुढे सहज जातो. मक्याच्या कोंबाला साधारण २० ते ३० अंशांची हवा मानवते. नुसती हिरवी जाळी लावून मे महिन्यात ते जमत नाही. चारही बाजूंनी ओल्या गोणपाटाचे पडदे, वर गवताचं छप्पर आणि दिवसातून सात-आठ वेळा पाण्याचा फवारा, एवढं केलं तर जमतं, तेही दर वेळी नाही. पोट्टे जुलैत शिकवून जातात ते तंत्र मे महिन्यात जसंच्या तसं चालत नाही. मेमध्ये कोणी शिकवायला येत नाही, कारण तेव्हा त्यांच्या परीक्षा आणि सुट्ट्या असतात.

मक्याचं गणित

‘एक किलो मक्याचा दहा किलो चारा’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ट्रे विकणारे तेच सांगतात. गोव्यात यावर व्यवस्थित काम झालं आहे. तिथे चाऱ्याला जमीन कमी, म्हणून जुने गोवे इथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रानं मक्याच्या हायड्रोपोनिक चाऱ्याचे प्रयोग केले आणि दूध उत्पादकांकडे युनिटंही बसली. त्यांना मिळालेला चारा मक्याच्या साधारण पाच ते सहा पट होता. दुधात थोडी वाढ दिसली, चारा पचायला हलका होता. आणि खर्चातला जवळपास ९० टक्के भाग एकट्या बियाण्याचा, म्हणजे मक्याचा होता.

आता जी गोष्ट बॅनरवर लिहीत नाहीत ती. या चाऱ्यात कोरडा अंश फक्त ११ ते १४ टक्के असतो, बाकी पाणी. एक किलो मक्यात कोरडा अंश अंदाजे ९०० ग्रॅम. त्याचा साडेपाच किलो चारा झाला, त्यात १३ टक्के कोरडा अंश धरला तर होतो ७०० ग्रॅमच्या आसपास. उरलेले २०० ग्रॅम कोंब वाढवण्यात खर्च झाले. वजन वाढलं ते पाण्याचं. घरात कोणी विचारलं, ‘मका ढोराले भरडून देऊ का ट्रेत फुगवू?’ तर तो प्रश्न येडा नाही. कोंब आल्यावर काही जीवनसत्त्वं वाढतात, पचन सुधारतं, उन्हाळ्यात जनावराच्या तोंडाला हिरवं लागतं, हे फायदे खरे आहेत. पण पोट भरायला कुटार, कडबा लागणारच. हायड्रोपोनिक चारा हा पुरवणी आहार आहे, मुख्य जेवण नाही.

दोन दुभत्या जनावरांना दररोज आठ-आठ किलो द्यायचं ठरवा. १६ किलो चारा, म्हणजे रोज तीन किलो मका, महिन्याला ९० किलो. २०२५-२६ च्या हंगामाचा मक्याचा हमीभाव २,४०० रुपये क्विंटल आहे. त्या भावानं महिन्याचा मका २,१६० रुपयांचा. (विकताना हमीभाव हातात पडत नाही आणि विकत घेताना त्याहून जास्त द्यावे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको.) वर ट्रे, जाळी, आणि दर दोन-तीन तासांनी पाणी मारायला घरातलं एक माणूस. हे माणूस बहुतेक घरची बाई असते आणि तिची मजुरी कोणत्याच हिशेबात धरलेली नसते. पाणी मात्र खरंच कमी लागतं, एवढ्या चाऱ्याला दिवसाला ४०-५० लिटर. शेतात तेवढाच चारा घ्यायला याच्या कितीतरी पट पाणी जातं.

मग हे कोणासाठी? माझ्या मते ज्याच्याकडे जमीनच नाही आणि पाच-सात शेळ्या आहेत, त्याच्यासाठी. शेळीला दिवसाला अर्धा-एक किलो पुरतो, ट्रे अंगणात मावतात, आणि व्यायच्या सुमारास हिरवं मिळालं तर फरक दिसतो. ज्याच्याकडे अर्धा एकर ओलिताचं आहे त्यानं ट्रेच्या मागे लागू नये. त्यानं पावसाळ्यात मका पेरावा, दाणा चिकात असताना कापून कुट्टी करावी आणि मुरघास भरावा. हवाबंद ठेवला तर ४५ दिवसांत तयार होतो आणि मेमध्ये उघडता येतो. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, तेव्हापासून वऱ्हाडात कडबा विकत घ्यायची वेळ आली. त्या खड्ड्याला ट्रे पुरे पडणार नाहीत.

करायचंच असेल तर दोन गोष्टी जिवाच्या आहेत. दुकानातलं पेरणीचं बियाणं कधीच वापरू नका. त्याला लाल, गुलाबी, हिरव्या रंगाचं बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं, ते कोंबासोबत जनावराच्या पोटात जातं. धुतलं तरी जात नाही. खायचा, अख्खा, न फुटलेला मका घ्या. फुटका दाणा उगवत नाही, सडतो आणि तिथून बुरशी सुरू होते. दुसरी गोष्ट बुरशी ओळखायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसते, नवखा माणूस घाबरून ट्रे फेकून देतो. ती मुळांची लव असू शकते, पाणी मारलं की बसते. पाणी मारूनही जाळ्यासारखं तसंच राहिलं, काळं-हिरवं पडलं, कुबट वास आला, तर ती बुरशी. असा ट्रे शेळीलाही घालू नका, कोंबडीलाही नाही. बुरशीचं विष जनावर लगेच पडेल असं नसतं, दूध कमी होतं, गाभण जनावर गाभडतं, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

ही ओळख फोटोवरून होत नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी हातात ट्रे घेऊन, नाकानं वास घेऊनच होते. आणि नेमक्या त्या दिवशी शिकवणारे गावात नसतात.

माती नको, पण पाण्याचं काय?

मातीशिवाय भाजीचं स्वप्न आणखी मोठं विकलं जातं. पाइपांत वाहतं पाणी, त्यात विरघळलेली खतं, वर लेट्यूस आणि पालक. यूट्यूबवर छान दिसतं. अकोटच्या बाजारात लेट्यूस कोण घेतं, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्याहून मोठा अडसर आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा कोणाला समजावून सांगायची गरज नाही. अर्धा तालुका तेच पाणी पाहून मोठा झाला. पिण्याच्या पाण्यासाठी वान धरणावरून ८४ खेडी योजना करावी लागली ती याचमुळे. मातीविना शेतीत पाणीच माती असते. पाण्यात आधीच क्षार असतील तर त्यात खत विरघळवल्यावर क्षार आणखी वाढतात, मुळं पाणी ओढू शकत नाहीत, पान कडेनं जळतं. तेच पाणी फिरत राहतं, उडून जातं ते शुद्ध पाणी, मागे राहतो तो खार. दर दिवसाला द्रावण जास्त खारट.

पेनासारखा दिसणारा ‘ईसी मीटर’ मिळतो. खत टाकायच्या आधीच तो १.५ च्या वर दाखवत असेल तर त्या पाण्यावर पालेभाजीचं हायड्रोपोनिक करू नका. लेट्यूससारख्या पिकाला खतासकट एवढंच चालतं. आरओ बसवता येतो, पण मग आरओचा खर्च, त्यातून निघणारं अजून खारट पाणी टाकायचं कुठे, आणि वीज. पाइपातल्या पिकाला माती नसल्यामुळे ओलावा धरून ठेवणारं काहीच नसतं. उन्हाळ्यात दुपारी दोन तास लाईट गेली तर मुळं वाळतात. सातपुड्याच्या बाजूच्या गावांत, शहानूर-पोपटखेडकडे पाणी गोड आहे, तिथे विचार करायला जागा आहे. खारपाणपट्ट्यात शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी वापरता आलं तर बात वेगळी.

कोणी ‘युनिट लावून देतो, माल आम्हीच उचलतो, वर्षात पैसे दुप्पट’ म्हणत आला तर आधी त्याला तुमच्या विहिरीचं पाणी मोजायला सांगा. मोजत नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

आता वटवाघळाकडे

दर उन्हाळ्यात वड-पिंपळाखाली एखादं वटवाघूळ पडतं. पोट्टे काडीनं उचलतात, पंख ताणून फोटो काढतात. कोणी सांगतं याचं तेल सांधेदुखीवर चालतं. कोणी सांगतं याच्यामुळे कोरोना आला, झाड तोडा. दोन्हीकडून नुकसान.

आधी धोका काय ते सरळ सांगू. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत निपाह नावाचा विषाणू असू शकतो. त्यांना तो आजारी पाडत नाही, पण त्यांच्या लाळेतून, लघवीतून बाहेर येतो. २०१८ च्या मे महिन्यात केरळातल्या कोळिकोड भागात निपाह पसरला आणि १७ लोकांचा जीव गेला. माणसासाठी याची लस बाजारात नाही. महाराष्ट्राचं नाव यात आलं ते महाबळेश्वरमुळे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या पथकानं मार्च २०२० मध्ये तिथल्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि २०२१ मध्ये जाहीर केलं की काहींच्या रक्तात निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे त्या वटवाघळांचा कधीतरी या विषाणूशी संबंध आला होता. महाबळेश्वरात कोणाला निपाह झाला असा याचा अर्थ नव्हता, पण बातम्यांचे मथळे वाचून लोकांना तसंच वाटलं.

नमुना घेणं हे किती नाजूक काम आहे ते केरळात दिसलं. पहिल्या घरातल्या विहिरीत वटवाघळं सापडली होती. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निकाल आला, निपाह नाही. लोक गोंधळले. विहिरीतली ती वटवाघळं किडे खाणारी होती. नंतर फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे नमुने घेतले तेव्हा त्यांच्यात विषाणू सापडला. चुकीच्या जनावराचा नमुना घेतला तर प्रयोगशाळा कितीही मोठी असो, उत्तर चुकीच्याच प्रश्नाचं येतं.

प्रशिक्षित पथक काम कसं करतं ते माहीत असलेलं बरं, उद्या कोणी गावात आलं तर खरं-खोटं ओळखता येईल. पहिली गोष्ट कागद. वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची लेखी परवानगी लागते. पूर्वी फळं खाणारी वटवाघळं या कायद्यात उंदीर, कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. आता मनाला येईल तसं पकडता किंवा मारता येत नाही.

दुसरी गोष्ट कपडे. पूर्ण अंग झाकणारा सूट, तोंडाला एन-९५, डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे आणि त्यावर जाड कातडी मोजे. वटवाघूळ धरणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली असते. अंधार पडताना केसासारख्या बारीक धाग्याची जाळी लावतात आणि जाळीजवळ माणूस सतत बसून राहतो, जनावर अडकलं की मिनिटांत सोडवायचं. तोंडातला आणि मागच्या बाजूचा कापसाचा बोळा, थोडं रक्त, वजन, पंखाचं माप, मग त्याच रात्री सोडून देतात. नमुना गोठवून नेतात. वापरलेले मोजे, मास्क तिथे फेकत नाहीत, सोबत नेऊन नष्ट करतात.

याहून सोपी एक रीत आहे, जनावराला हातही न लावता. वस्तीच्या झाडाखाली संध्याकाळी प्लॅस्टिकचा मोठा कागद पसरायचा, पहाटे वटवाघळं परत आली की पडलेली लघवी आणि विष्ठा गोळा करायची. पण गोळा करणारा माणूस त्याच सूटमध्ये असतो. हा भाग लोक विसरतात. झाडाखालची विष्ठा खत म्हणून उघड्या हातानं भरणारेही आहेत.

हे असं प्रात्यक्षिक आहे की गावातल्या पोरांनी करून पाहायचं नाही. करून पाहण्यासारखं वेगळं आहे. शंभर पावलांवर बसून दिवेलागणीला झाडावरून किती वटवाघळं उडाली ते मोजता येतं. दर महिन्याला एकदा, तीच जागा, तीच वेळ, वहीत तारीख. कोणत्या महिन्यात पोटाशी पिल्लं दिसतात, कोणतं झाड फळाला आलं की संख्या वाढते, हे शाळेतली पोरं वर्षभरात सांगू शकतील. अशी वही हातात असली तर येणाऱ्या पथकाचं निम्मं काम झालेलं असतं, आणि उद्या अचानक संख्या घटली तर पहिल्यांदा गावालाच कळेल.

मेलेलं वटवाघूळ दिसलं म्हणजे रोगच, असंही नाही. मे २०२० मध्ये गोरखपूरजवळ एका बागेत मोठ्या संख्येनं वटवाघळं मरून पडली. कोरोनाचे दिवस, घबराट उडाली. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेनं तपासलं, कारण निघालं उष्माघात. आपल्याकडच्या उन्हात हे सहज होऊ शकतं. तरी हात लावायचा नाही. कुत्र्यांना लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. अकोटला वन्यजीव विभागाचं कार्यालय आहेच. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि सरकारी दवाखान्यात ‘वटवाघूळ होतं’ असं स्पष्ट सांगा. लस द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. फळावर दातांच्या खुणा दिसल्या तर ते फळ सोडून द्या, कापून उरलेलं खाऊ नका. शिंदीचा रस उघड्या मडक्यात रात्रभर टांगून पिणाऱ्यांनी हे जरा जास्त लक्ष देऊन वाचावं. बांगलादेशात निपाह माणसापर्यंत पोचला तो मुख्यतः याच वाटेनं, आणि तिथे आता झाडाच्या तोंडाला बांबूची चटई बांधायला शिकवतात.

झाड तोडलं तर काय होतं? युगांडात २००७ मध्ये एका खाणीतल्या कामगारांना वटवाघळांपासून मारबर्ग नावाचा आजार झाला. लोकांनी खाणीतली सगळी वटवाघळं मारून टाकली. २०१२ पर्यंत नवी वटवाघळं येऊन राहिली आणि तपासलं तर विषाणू असलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलं होतं. जुनी, आजार पचवलेली वटवाघळं गेली आणि त्यांच्या जागी नवी, कच्ची आली.

आणि नुकसान आपलंच. मेळघाटातल्या मोहाच्या फुलावर रात्री वटवाघूळ येतं, मोहावर तिथल्या कोरकू घरांचा पैसा चालतो. किडे खाणारी छोटी वटवाघळं तर कापूसवाल्यांची सोबती आहेत. अमेरिकेत टेक्सासच्या आठ काउंटींच्या कापूसपट्ट्यात वटवाघळं बोंडअळीचे पतंग खातात, त्यातून शेतकऱ्यांचे वर्षाला अंदाजे ७ लाख ४१ हजार डॉलर वाचतात असा हिशेब संशोधकांनी २००६ मध्ये मांडला होता. आपल्या बोंडअळीचा असा हिशेब आपल्या शेतात कोणी करायला हवा.

एक झाड, दोन विषय

आता ती गाठ. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह पहिल्यांदा सापडला. डुकरांच्या गोठ्यांशेजारी आंब्याची झाडं होती. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेले आंबे गोठ्यात पडले, डुकरांनी खाल्ले, डुकरांकडून माणसांना गेला. २६५ लोक आजारी, १०५ मृत्यू, दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली.

आपल्याकडे चाऱ्याचे ट्रे कुठे ठेवतात? सावली पाहून, चिंचेच्या, वडाच्या, आंब्याच्या झाडाखाली. प्रात्यक्षिकाच्या फोटोतही मागे झाड असतंच. त्या झाडावर वटवाघळांची वस्ती असेल, किंवा रात्री फळं खायला येत असतील, तर त्यांची लाळ, विष्ठा, अर्धी फळं सरळ ओल्या चाऱ्यात पडणार. गव्हाण आणि पाण्याची टाकीही तशीच. तेव्हा ट्रे छपराखाली ठेवा, नाहीतर वरून झाका, आणि वस्तीच्या झाडापासून लांब. ही एक ओळ कृषिदूतांच्या पत्रकात घालायला काहीच खर्च नाही. पण चारा शिकवणारे शेतीचे, वटवाघूळ शिकवणारे वनाचे नाहीतर आरोग्याचे, ढोरांचा दवाखाना तिसऱ्याकडे. ही खाती गावात एकत्र येत नाहीत.

याचसाठी नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्था उभी राहते आहे. ११ डिसेंबर २०२२ ला तिची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि जंगली प्राण्यांचे आजार एकत्र पाहायचे, हे तिचं काम. उद्या विदर्भातच अशी पथकं तयार होतील, आपल्या भागातल्या पशुवैद्यक आणि जीवशास्त्र शिकणाऱ्या पोरांना त्यात कामही मिळेल. ती मेळघाटाच्या पायथ्याशी येणारच. तेव्हा गावानं दोनच गोष्टी मागाव्यात : परवानगीचा कागद आणि निकालाची तारीख. नमुना आमच्या झाडाखालून नेला तर त्यात काय सापडलं, काहीच सापडलं नाही तर तेही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागलं पाहिजे. महाबळेश्वरच्या लोकांना पेपरातून कळलं, तसं आपल्याला कळू नये.

चाऱ्याबद्दल शंका असेल तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, सिसा उदेगावचं कृषी विज्ञान केंद्र, किंवा किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आहे. जनावर आजारी वाटलं तर १९६२.

आणि कृषिदूतांनो, कृषिकन्यांनो, एक विनंती. यापुढे प्रात्यक्षिकाची बातमी पाठवाल तेव्हा आठव्या दिवसाचा फोटोही पाठवा, त्याच ट्रेचा, त्याच शेतकऱ्यासोबत. मका किती लागला, चारा किती भरला, तो आकडा सोबत लिहा. बुरशी आली असेल तरी पाठवा, आम्ही लावू. बॅनर नसलं तरी चालेल.